दोन इंजिने, एकच इंधन

प्रति,
दाबोळी आणि मोपा विमानतळांचे संचालक, या दोन्ही ठिकाणी विमानांना इंधन पुरविणाऱ्या कंपन्यांचे स्थानिक व्यवस्थापक आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातील संबंधित अधिकारी यांस

विषय : पावसाळ्यातील विमान-इंधनाची शुद्धता, तिच्या नोंदी आणि राखून ठेवायचे नमुने

महोदय, महोदया,

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास कोसळले आणि २६० माणसे गेली. तेव्हापासून ‘फ्युएल स्विच’ (इंजिनाचे इंधन चालू-बंद करणारी कळ) हा शब्द म्हापशाच्या बाजारापासून पणजीच्या बसपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. त्याच वर्षीच्या जुलैत दिल्लीहून मोपाकडे येणारे एक विमान एका इंजिनातील बिघाडामुळे मुंबईला उतरवावे लागले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या वाड्यावरच्या तिघाचौघांनी मला एकच प्रश्न विचारला : एक इंजिन बिघडले तरी विमान उतरले हे ठीक, पण दुसरेही त्याच वेळी गेले असते तर? मी विमान देखभालीच्या कामातून निवृत्त झालेला माणूस आहे आणि माझ्या नोकरीचा बराचसा काळ टाक्या, पंप आणि फिल्टर यांच्या सहवासात गेला. प्रश्नाचे थोडक्यात उत्तर मी त्यांना दिले. सविस्तर उत्तर आपल्यापाशीच पोचायला हवे असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

थोडक्यात उत्तर असे, की दोन इंजिने आपापल्या दोषाने एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता जवळजवळ नगण्य असते. प्रत्येक इंजिनाचा पंप वेगळा, फिल्टर वेगळा, इंधन मोजून देणारी झडप वेगळी, तिला हुकूम देणारा संगणक वेगळा आणि त्या संगणकाला वीज देणारे जनित्रही त्या त्या इंजिनावरच बसवलेले असते. एक इंजिन गेले तरी दुसऱ्याच्या बळावर विमान चढू शकते, तासन् तास उडू शकते आणि व्यवस्थित उतरू शकते. ही सगळी विभागणी मात्र इंधनापाशी येऊन संपते. डाव्या आणि उजव्या टाकीत भरलेले एटीएफ (विमानाचे इंधन) एकाच बाउझरमधून, म्हणजे इंधन भरणाऱ्या टाकीच्या गाडीतून, एकाच नळीतून, एकाच फिल्टरमधून आणि एकाच तासात आलेले असते, त्यामुळे त्यात काही खोट असेल तर ती दोन्ही इंजिनांना सारखीच भोवते. उड्डाणाच्या सुरक्षिततेचा सगळा हिशेब ज्या ‘दोन’ या आकड्यावर उभा आहे, तो आकडा इंधनाच्या बाबतीत एक होतो आणि तो एक आपल्या ताब्यात असतो, वैमानिकाच्या नव्हे.

ज्यांनी पंपाचा स्टोव्ह वापरलेला पाहिला आहे त्यांना पुढचे समजायला कठीण जाणार नाही, कारण एटीएफ म्हणजे मुळात अधिक शुद्ध केलेले रॉकेलच. स्टोव्हच्या बारीक भोकात कचरा अडकला की ज्योत पिवळी पडत असे आणि पिन घालून ते भोक मोकळे करावे लागे; रॉकेलमध्ये पाणी मिसळलेले असले तर स्टोव्ह फडफडून विझत असे. म्हणूनच माझी आजी डब्याच्या तळाचे बोटभर रॉकेल कधी स्टोव्हमध्ये ओतत नसे. विमानात हाच मार्ग लांब आणि नाजूक होतो. पंखांतल्या टाक्यांमधले बूस्टर पंप इंधन इंजिनाकडे ढकलतात. वाटेत आग लागल्यास पुरवठा तोडणारी एक झडप असते. इंजिनाच्या फिरण्यावरच चालणारा पंप दाब वाढवतो. मग इंधन एका उष्णता-विनिमयकातून जाते, जिथे इंजिनाचे तापलेले वंगणतेल निवते आणि थंडगार इंधन ऊबदार होते. पुढे फिल्टर, त्यापुढे उच्च दाबाचा पंप, मग नेमके हवे तेवढेच इंधन सोडणारी मीटरिंग झडप आणि अखेरीस नोझल. या झडपेतल्या फिरत्या भागांमधली फट केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान असते. फिल्टर चोंदू लागला की वैमानिकाला इशारा मिळतो, आणि तो पूर्ण चोंदलाच तर इंधन त्याला वळसा घालून पुढे जाते, कारण अजिबात इंधन न मिळण्यापेक्षा घाण इंधन मिळालेले बरे, असा रचनाकारांचा हिशेब आहे. तो हिशेब योग्यच आहे, पण त्याचा अर्थ असाही होतो की घाण फार झाली तर फिल्टर हा शेवटचा पहारेकरी राहत नाही.

एकाच इंजिनापुरते राहणारे बिघाड मी इथे लवकर आटोपतो. पंपाचा दांडा तुटतो, झडप अडकते, नळी घासून गळू लागते. सिंगापूरहून मिलानला निघालेले एक बोइंग ७७७ जून २०१६ मध्ये परत फिरले, कारण उष्णता-विनिमयकातील एका नळीला चीर पडून इंधन वंगणतेलात मिसळत होते. उतरल्यावर त्या इंजिनाने आणि पंखाने पेट घेतला, पण सगळे २४१ जण वाचले. एका बाजूची गळती दोन्ही बाजूंना कशी पोचते याचे उदाहरण २४ ऑगस्ट २००१ चे आहे. टोरांटोहून लिस्बनला जाणाऱ्या एअरबस ए३३० चे उजवे इंजिन बदलताना हायड्रॉलिक पंपाच्या जोडणीत न जुळणारे भाग बसवले गेले होते, त्यामुळे इंधनाची नळी घासून फुटली. टाक्यांतला असमतोल दिसला म्हणून वैमानिकांनी क्रॉसफीड, म्हणजे दोन्ही बाजूंचे इंधन जोडणारी झडप, उघडली आणि चांगल्या बाजूचे इंधनही गळक्या बाजूकडे वाहू दिले. दोन्ही इंजिने बंद पडल्यावर ते विमान सुमारे १२० किलोमीटर तरंगत अझोर्स बेटांवरील लाजेश येथे उतरले आणि ३०६ जण वाचले. वैमानिकांच्या कौशल्याचे कौतुक झाले ते योग्यच, तरी त्या रात्रीची सुरुवात हँगरमध्ये झाली होती हे आमच्या धंद्यातली माणसे विसरत नाहीत.

आता पाण्याकडे येतो, कारण गोव्याचा संबंध तिथे सर्वांत जवळचा आहे. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून आलेले बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीपासून थोडेच दूर, सुमारे ७२० फूट उंचीवर असताना उजव्या इंजिनाचा जोर ओसरला आणि सात सेकंदांनी डाव्याचाही. टाक्यांत इंधन पुरेसे होते, पंप चालू होते, झडपा उघड्या होत्या. विमान धावपट्टीच्या सुमारे ३३० मीटर अलीकडे गवतात आदळले. आतील १५२ जणांपैकी कोणीही दगावले नाही. चौकशीअंती असे दिसले की इंधन गोठलेले नव्हते. त्यात नेहमीइतकेच, म्हणजे सुमारे ७१ टन इंधनामागे फार तर पाच लिटर, पाणी होते. दीर्घ आणि अतिशय थंड प्रवासात त्याचे बर्फकण नळ्यांच्या आतल्या बाजूला साचत गेले आणि उतरताना जोराची मागणी वाढताच एकदम सुटून उष्णता-विनिमयकाच्या तोंडाशी अडकले. पुढे त्या भागाची रचना बदलली गेली. मला या घटनेतली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब वेगळीच वाटते : ते इंधन नियमांत बसणारे होते.

इंधन कोमट असताना थोडे पाणी स्वतःत विरघळवून ठेवते आणि थंड होताच ते बाहेर टाकते. आपल्याकडे जुलैत दुपारी उतरलेल्या विमानाच्या पंखाखाली उभे राहिले तर पाऊस नसतानाही थेंब ठिबकताना दिसतात, कारण दोन-अडीच तास उणे पन्नास अंशांच्या आसपासच्या हवेत राहिल्यामुळे पंखातले इंधन थंडगार झालेले असते. टाक्यांना श्वास घेण्याचे मार्ग असतात, नाहीतर बाहेरचा दाब वाढताच त्या चेपल्या जातील. विमान खाली येऊ लागते तसतशी बाहेरची हवा त्या मार्गांनी आत शिरते आणि गोव्याची पावसाळी हवा म्हणजे अर्धे पाणीच. जी ओल पंखाच्या बाहेर ठिबकते तीच टाकीच्या आतही साचते. जमिनीवरच्या साठवण टाक्यांचेही असेच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि समुद्राला लागून असलेल्या प्रदेशात टाकीचे झाकण, तिचा श्वासमार्ग आणि तिचा तळ यांना जेवढे लक्ष लागते तेवढे राजस्थानात लागत नाही. गोव्यात एखादी गोष्ट चुकते आहे असा माझा आरोप नाही. पण देशभर एकच वेळापत्रक लावून इथे भागेल असे मानणे मला धोक्याचे वाटते.

सकाळी पहिल्या उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून नमुना काढून काचेच्या बरणीत पाहण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. पाणी जड असल्यामुळे खाली बसते आणि मध्ये रेघ दिसते. मी नवखा असताना एका विमानतळावर, ज्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही, पावसाळ्यातल्या पहाटे अशी बरणी भरली. बरणी स्वच्छ होती, चकचकीत होती, रेघ कुठेही नव्हती. मी ‘ठीक’ असे लिहिणार इतक्यात आमच्या वयस्क पर्यवेक्षकांनी बरणी हातात घेतली, नाकाशी नेली आणि मला म्हणाले, ‘अरे, रेघ दिसेल कशी? हे सगळे पाणीच आहे.’ चाचणी मी केली होती, नियमाप्रमाणे केली होती आणि तिचा निकाल संपूर्ण चुकीचा निघाला असता. त्या दिवसापासून कोणत्याही नोंदवहीत ओळीने लागलेल्या ‘ठीक’च्या खुणा मला आश्वस्त करीत नाहीत. आपल्या नोंदींत ‘ठीक’ या शब्दासोबत किती पाणी निघाले ते मिलिलिटरमध्ये लिहिले जाते का, हा माझा पहिला प्रश्न आहे. कारण आकडा असेल तर मेमध्ये काय होते आणि ऑगस्टमध्ये काय झाले याची तुलना करता येते. नुसत्या खुणांची तुलना होत नाही.

दुसरा प्रश्न बांधकामाचा आहे आणि त्यासाठी इंडोनेशियातील सुराबाया येथे जावे लागेल. १३ एप्रिल २०१० रोजी तेथून हाँगकाँगला निघालेल्या एअरबस ए३३० ची दोन्ही इंजिने उतरण्याच्या सुमारास वैमानिकांचे ऐकेनाशी झाली. एक जवळजवळ निष्क्रिय राहिले आणि दुसरे सत्तर टक्क्यांहून अधिक वेगावर अडकून बसले. म्हणजे एकाचा जोर वाढेना आणि दुसऱ्याचा कमी होईना. विमान ताशी सव्वाचारशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीला टेकले. ३२२ जणांपैकी कोणी दगावले नाही, पण विमान रिकामे करताना अनेकांना दुखापती झाल्या. मूळ कारण काही आठवड्यांपूर्वीच्या एका कामात होते. विमानतळावरील भूमिगत हायड्रंट वाहिनीचा, म्हणजे विमानापर्यंत इंधन आणणाऱ्या नळांचा, विस्तार चालू असताना तिच्यात समुद्राचे खारे पाणी शिरले होते आणि वाहिनी पुन्हा वापरात आणण्यापूर्वी ती पुरेशी धुऊन, तपासून घेतली गेली नव्हती. इंधन भरणाऱ्या गाडीवरच्या फिल्टरांमध्ये पाणी शोषून फुगणारी भुकटी असते. पाणी दिसताच फुगून वाट अडवणे हे तिचे काम. खाऱ्या पाण्याने तिचे गुण बिघडले, तिचे बारीक गोळे इंधनाबरोबर विमानात गेले आणि दोन्ही इंजिनांच्या मीटरिंग झडपांत जाऊन बसले. म्हणजे पाणी रोखण्यासाठी ठेवलेला पहारेकरीच आत शिरला. पुढे जगभर असे फिल्टर टप्प्याटप्प्याने बाद करण्याचा निर्णय झाला.

त्या घटनेतला एक बारकावा मला फार बोलका वाटतो. सुराबायात त्या विमानात इंधन भरले जात असताना नळी थरथरत होती आणि भरण्याचे काम मधूनमधून थांबवावे लागत होते. फिल्टर चोंदत असल्याची ती खूण होती, पण ती कोणी ओळखली नाही. काम पुरे झाले आणि विमान गेले. नळी धरून उभ्या असलेल्या कामगाराला ‘हे बरोबर नाही, मी थांबवतो’ असे म्हणण्याचे ज्ञान आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोकळीक होती का, हे मला ठाऊक नाही. इथे ती आहे का, हे मात्र आपल्याला ठाऊक असायला हवे. मोपा जानेवारी २०२३ पासून प्रवाशांच्या सेवेत आहे आणि तिथे बांधकामे पुढेही होत राहणार. दाबोळी नौदलाच्या तळावर आहे आणि समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे. साठवण टाकी, वाहिनी वा पंपघर यांच्याजवळ कोणतेही खोदकाम वा जोडकाम झाले की त्या भागातले इंधन विमानात जाण्यापूर्वी स्वतंत्रपणे तपासले जावे, तपासणारा माणूस बांधकाम कंत्राटदाराचा नसावा, आणि थरथरणारी नळी थांबवणाऱ्या कामगाराला उड्डाण उशिरा गेल्याचा जाब विचारला जाऊ नये, एवढी माझी मागणी आहे. शेवटची बाब कागदावर सर्वत्र मान्य असते. प्रत्यक्षात उशिराची मिनिटे कोणाच्या नावावर टाकायची यावरून होणारे वाद मी पुष्कळ पाहिले आहेत.

पाण्याबरोबर बुरशी येते. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर आणि जुन्या वह्यांवर काय होते ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. टाकीच्या तळाशी पाणी आणि इंधन जिथे एकमेकांना टेकतात तिथेही रॉकेलवर जगणारी बुरशी वाढते, तिचा चिकट थर फिल्टर चोंदवतो, धातू कुरतडतो आणि इंधनाची पातळी मोजणाऱ्या काड्यांना चकवतो. तिच्यावर औषध टाकतात, आणि ते औषधही मारक ठरू शकते. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनजवळच्या गॅटविकहून उडालेल्या एका एअरबस ए३२१ ची दोन्ही इंजिने उड्डाणानंतर लगेच धडधडू लागली आणि ते परत आले. त्याच्या टाक्यांत बुरशीनाशक शिफारशीच्या ३८ पट पडले होते. औषध घालणाऱ्या अभियंत्याला पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) या मापाचा अर्थ नीट माहीत नव्हता आणि सूचनापुस्तिकेने त्याला पुरेशी मदत केली नव्हती. दहा हजार लिटर इंधनात शंभर पीपीएम म्हणजे एक लिटर औषध. एका लिटरच्या जागी ३८ लिटर पडले तर डबे मोजणाऱ्यालाही संशय यायला हवा होता, असे आपण आज सहज म्हणतो. पण ज्याच्यापुढे फक्त तीन इंग्रजी अक्षरे आणि एक सूत्र होते त्याची अडचण मला समजते.

म्हणून तिसरी गोष्ट मागतो, जी काहींना क्षुल्लक वाटेल. दोन्ही विमानतळांवर इंधन भरणे, नमुने काढणे, टाक्या निचरणे ही कामे करणाऱ्यांत पेडणे, मुरगाव, सावंतवाडी या भागांतली कंत्राटावरची पुष्कळ मुले आहेत. ती मराठी आणि कोंकणीत विचार करतात. प्रमाणपत्राची परीक्षा ती इंग्रजीत देतात आणि उत्तीर्णही होतात, पण पाठ केलेले वाक्य आणि समजलेली गोष्ट यांतले अंतर पहाटे चार वाजता, पावसात, विजेरीच्या उजेडात उघडे पडते. पीपीएमचा हिशेब, बरणीतली फसवी स्वच्छता, नळीच्या थरथरण्याचा अर्थ, या गोष्टी एका पानावर मराठीत आणि कोंकणीत लिहून बाउझरच्या केबिनमध्ये लावायला खर्च किती येईल? मूळ इंग्रजी सूचना बाजूला सारा असे मी म्हणत नाही. तिच्याशेजारी हे पान असू द्या. ते लिहून देण्याची माझी तयारी आहे.

अहमदाबादचा उल्लेख सुरुवातीला केला, तर त्याबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. विमान अपघात अन्वेषण विभागाच्या प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून (चालू) ‘कटऑफ’वर (बंद) गेले आणि काही सेकंदांनी परत ‘रन’वर आले; ते कसे घडले याचा निष्कर्ष त्या अहवालाने काढलेला नाही, आणि तोपर्यंत गेलेल्या वैमानिकांविषयी बाजारात जे बोलले जाते ते मला योग्य वाटत नाही. माझ्या विषयाशी जुळणारी ओळ त्याच अहवालात दुसरीकडे आहे : ज्या बाउझर व टाक्यांतून त्या विमानात इंधन भरले गेले, त्यांतील नमुने महासंचालनालयाच्या प्रयोगशाळेत तपासले गेले आणि समाधानकारक आढळले. या एका ओळीमुळे शंकेची एक मोठी वाट बंद झाली. विमानातले इंधन तर जवळजवळ सगळे जळून गेले होते. जमिनीवर नमुना मिळाला नसता तर आजही निम्मा देश भेसळीच्या चर्चेत गुंतलेला असता.

तेव्हा माझा अखेरचा प्रश्न असा, की दाबोळी आणि मोपा येथे भरलेल्या इंधनाचा नमुना मोहोरबंद करून किती दिवस राखला जातो, तो कोणाच्या ताब्यात असतो, आणि पावसाळ्यातील चार महिन्यांसाठी हा काळ वाढवता येईल का? माहितीच्या अधिकारात अर्ज करून यातले काही मला मिळवता आले असते, पण तशी माहिती एका माणसाच्या फायलीत पडून राहते. त्याऐवजी दर वर्षी पावसाळा संपल्यावर दोन्ही विमानतळांनी एक पान प्रसिद्ध करावे : किती नमुने काढले, किती वेळा मर्यादेपेक्षा जास्त पाणी निघाले, किती वेळा इंधन भरणे थांबवले आणि का. शून्य आकडा आला तर मी तो पुन्हा तपासून पाहा म्हणेन. दोन-चार प्रसंग लिहिलेले दिसले तर माझा विश्वास अधिक बसेल. आखातात, इंग्लंडात, पोर्तुगालात कामाला गेलेली माणसे आणि जहाजांवर जाणारे तारवटी ज्यांच्या घरी आहेत, अशा कुटुंबांना ते पान वाचता येईल असे मराठीत असावे.

मिरग लागण्यापूर्वी आपले उत्तर आले तर या वर्षीच्या पावसाळ्यातच नोंदींत मिलिलिटरचा रकाना घालता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
पेडणे, गोवा